जुन्या मिलिंग मशीनसाठी मोशन कंट्रोलर: क्लोज्ड लूप नेमका कुठे बंद करावा?

रबाळे_गाळा यांचा प्रश्न:

नमस्कार. रबाळे एमआयडीसीत माझा लहानसा गाळा असून त्यात एक जुने सीएनसी व्हर्टिकल मिलिंग मशीन आहे. त्याचे यांत्रिक अंग अजून भक्कम आहे, परंतु मूळ कंट्रोलर पावसाळ्यात बंद पडला आणि त्याचे सुटे भाग आता मिळत नाहीत. एक्स अक्षाचा प्रवास ६०० मिलिमीटर, बॉलस्क्रूची पिच १० मिलिमीटर आणि मोटर थेट कपलिंगने जोडलेली आहे. डीसी सर्व्हो मोटरवर टॅको (वेग मोजणारा) आणि २५०० लाइनचा एन्कोडर (फिरणे मोजणारा) आहे. मोटरांना वीज पुरवणारे तिन्ही ड्राइव्ह ±१० व्होल्टच्या ॲनालॉग आज्ञेवर चालतात आणि ते सुस्थितीत आहेत.

काम मुख्यतः एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या) फिक्स्चर प्लेटचे आहे. जुना कंट्रोलर चालू होता तेव्हाही सकाळी केलेली प्लेट बरोबर येई, मात्र दुपारनंतर एक्स दिशेतील दोन बोअरमधले अंतर ०.०३ ते ०.०४ मिलिमीटरने वाढलेले भरे. एका विक्रेत्याचे म्हणणे असे की जुने सर्व काढून पल्स-डायरेक्शन कंट्रोलर आणि क्लोज्ड लूप स्टेपर बसवावेत. दुसरा म्हणतो की ड्राइव्ह ठेवून केवळ कंट्रोलर बदलावा. दोघेही आपापल्या पर्यायाला ‘क्लोज्ड लूप’च म्हणतात. कोणाचे ऐकावे?

वागळे_मेंटेनन्स यांचे उत्तर:

दोघेही खोटे बोलत नाहीत, पण दोघांचा लूप, म्हणजे स्थान मोजून चूक सुधारण्याचे चक्र, वेगवेगळ्या ठिकाणी बंद होतो. क्लोज्ड लूप स्टेपरमध्ये एन्कोडरची तार ड्राइव्हपर्यंत येते आणि तिथेच थांबते. कंट्रोलर फक्त पल्स पाठवतो, आणि टेबल खरोखर तितके सरकले की नाही याची त्याला वार्ताही नसते. चूक ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की ड्राइव्ह अलार्म देतो. तो अलार्म कंट्रोलरच्या इनपुटला जोडून सर्व अक्ष एकदम थांबवण्याची व्यवस्था केली नाही, तर काय होते ते मी वागळे इस्टेटमधील एका गाळ्यात पाहिले आहे. एक्सचा ड्राइव्ह अलार्मवर गेला, वाय मात्र आपले काम इमानेइतबारे करत राहिला आणि कटरने व्हाइसचा जबडा खाल्ला. पॅनल बसवणाऱ्याने अलार्मची तारच ओढली नव्हती.

दुसरा मुद्दा पल्सच्या वेगाचा. आपला एन्कोडर २५०० लाइनचा, म्हणजे चौपट मोजणीने फेऱ्यामागे १०,००० काउंट, आणि १० मिलिमीटर पिचवर एक काउंट बरोबर १ मायक्रॉन. नवे सर्व्हो घेऊन हेच रिझोल्यूशन पल्सवर चालवायचे आणि मिनिटाला १५ मीटर रॅपिड (न कापता होणारी जलद हालचाल) हवा असेल, तर सेकंदाला अडीच लाख पल्स लागतील. संगणकाच्या पॅरलल पोर्टवर चालणारा माक३ हा कंट्रोल प्रोग्रॅम २५ किलोहर्ट्झला ठेवला तर मिनिटाला दीड मीटरच्या वर जाता येणार नाही. इलेक्ट्रॉनिक गिअर (एका पल्समागे किती काउंट फिरायचे ते प्रमाण) दहापट केल्यास वेग मिळतो, पण पायरी १० मायक्रॉनची होते, आणि आपल्या कामाला ती परवडणार नाही. इथरनेटवरचे स्वतंत्र पल्स कार्ड घेतल्यास ही अडचण सुटते. तरीही कंट्रोलर आंधळाच राहतो.

माझे मत स्पष्ट आहे: ड्राइव्ह आणि टॅको चांगले असताना ते काढू नयेत. एन्कोडर वाचून ±१० व्होल्ट देणारा कंट्रोलर घ्यावा. लिनक्ससीएनसी हे कंट्रोल सॉफ्टवेअर आणि मेसा कंपनीचे ७आय९७ कार्ड ही जोडी यासाठी योग्य आहे, कारण कार्डावर सहा ॲनालॉग आउटपुट आणि सहा एन्कोडर इनपुट आहेत. लिनक्ससीएनसीचे मूळ अमेरिकेच्या एनआयएसटी या मापन संस्थेच्या प्रकल्पात आहे, त्यामुळे सर्व्हो लूप त्यात पहिल्यापासून आहे. मात्र त्याची मांडणी फाइलींमधून करावी लागते, आणि ज्याला ते वाचण्याची सवय नाही त्याचे पहिले दोन आठवडे कठीण जातात.

महापे_ऑटोमेशन यांचे उत्तर:

वरील मताशी मी सहमत आहे, परंतु त्याने आपला दुपारचा दोष जाणार नाही. मोटरवरचा एन्कोडर मोटरचेच सांगतो, स्क्रूची लांबी वाढली हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. पोलाद अंश सेल्सिअसमागे मीटरला साधारण ११.५ मायक्रॉन वाढते, म्हणजे ५०० मिलिमीटरच्या अंतरावर स्क्रू सहा अंशांनी तापला तर सुमारे ३५ मायक्रॉनची चूक होते. आपला आकडा जवळपास हाच आहे. प्लेट तापलेली असताना बोअर करून थंड झाल्यावर मोजली असती, तर अंतर कमी भरले असते. आपले वाढते आहे, म्हणून संशय स्क्रूवर जातो. तरीही लीनियर स्केलवर, म्हणजे टेबलाचे स्थान थेट मोजणाऱ्या पट्टीवर, खर्च करण्यापूर्वी एक खात्री करावी. कमी अंतराच्या प्लेटमध्ये दुपारी किती चूक येत असे? बॅकलॅशची, म्हणजे स्क्रू-नटमधल्या खेळाची, चूक अंतर कितीही असले तरी तेवढीच राहते, उष्णतेची चूक मात्र अंतराच्या प्रमाणात वाढते.

रबाळे_गाळा:

तपासणीची जुनी वही काढून पाहिली. १२० मिलिमीटर अंतराच्या प्लेटमध्ये दुपारीही चूक ०.०१ च्या आत आहे, तर ५०० मिलिमीटरच्या प्लेटमध्ये ०.०३५ च्या आसपास. म्हणजे आपला तर्क बरोबर दिसतो. मग लीनियर स्केल लावायची झाल्यास कोणता कंट्रोलर घ्यावा?

महापे_ऑटोमेशन:

इथे आपले जुने ड्राइव्हच उपयोगी पडतात. टॅकोमुळे वेगाचा आतला लूप मोटरवर, ड्राइव्हमध्येच बंद झालेला आहे. कंट्रोलरने स्थानाचा बाहेरचा लूप स्केलवरून बंद केला की दुहेरी लूप आपोआप तयार होतो. गॅलिल कंपनीच्या कंट्रोलरमध्ये अशा मांडणीसाठी डीव्ही ही स्वतंत्र आज्ञा आहे, पण ती टॅको नसून मोटरवर एन्कोडर आणि टेबलावर स्केल असताना लागते. टॅको असलेल्या मशीनला तिची गरज नाही. इथरकॅट या डिजिटल नेटवर्कवरचे नवे ड्राइव्हही चांगले आहेत. त्यांत स्थानाचा लूप ड्राइव्हमध्ये राहूनही प्रत्येक चक्रात खरे स्थान कंट्रोलरला परत कळते. पण त्यासाठी तिन्ही मोटर आणि ड्राइव्ह बदलावे लागतील.

एक धोका मात्र लक्षात असू द्यावा. स्क्रू आणि टेबल यांच्यामध्ये खेळ असेल, तर तो आता लूपच्या आत येतो. स्केलला चूक दिसते, मोटर फिरते, खेळ संपेपर्यंत टेबल हलत नाही, मग ते एकदम पुढे जाते आणि मोटर उलटी फिरते. टेबल जागेवर थरथरत राहते. म्हणून आधी डायल गेज लावून बॅकलॅश पाहावा आणि तो काही मायक्रॉनहून अधिक असल्यास नट आणि बेअरिंगचे काम पहिले करावे. सॉफ्टवेअरची बॅकलॅश भरपाई स्केल असलेल्या अक्षावर बंद ठेवावी. वाय आणि झेडला तूर्त एन्कोडरच पुरे.

ट्यूनिंगबाबत एवढेच सांगतो की फीडफॉरवर्ड (चूक होण्याआधीच दिलेली वेगाची आज्ञा) शून्य असताना आणि केव्ही (स्थानाच्या लूपचा गेन) १ असताना मिनिटाला १ मीटर वेगावर अक्ष आज्ञेच्या १ मिलिमीटर मागे चालतो. दोन्ही अक्षांचा मागे राहण्याचा हिशेब सारखा नसला तर वर्तुळ ४५ अंशांवर लांबट होते. वर्तुळाच्या चार टोकांवर, जिथे अक्ष दिशा बदलतो, तिथे पायरी दिसली तर दोष ट्यूनिंगचा नव्हे, खेळाचा किंवा घर्षणाचा आहे.

वागळे_मेंटेनन्स:

स्केलचा सिग्नल डिफरन्शियल घ्यावा, शील्ड एकाच टोकाला अर्थ करावी आणि ती केबल स्पिंडलच्या व्हीएफडीच्या (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) केबलबरोबर एकाच ट्रेमधून नेऊ नये. स्केलचे उघडे तोंड खाली ठेवावे, म्हणजे कूलंट आत उतरणार नाही.

पहिल्यांदा चालू करताना टेबल प्रवासाच्या मध्यावर आणावे, ड्राइव्हची करंट मर्यादा कमी ठेवावी आणि इमर्जन्सी स्टॉपवर एक माणूस उभा करावा. फीडबॅकची दिशा उलटी जोडली गेली असेल, तर चूक कमी करण्यासाठी दिलेली प्रत्येक आज्ञा ती वाढवते आणि अक्ष पूर्ण वेगाने टोकाकडे धावतो. एन्कोडरची तार तुटली तरी तेच होते. लिनक्ससीएनसीत फॉलोइंग एररची (आज्ञा आणि खऱ्या स्थानातील फरकाची) मर्यादा सुरुवातीला १ मिलिमीटर ठेवावी. थोडासा धक्का लागताच मशीन बंद पडेल आणि त्रास वाटेल, पण ट्यूनिंग पूर्ण होईपर्यंत ती मर्यादा वाढवू नये.