मदत हवी आहे : 'डिजिटल अरेस्ट'मध्ये गेलेल्या मामांच्या पैशांपैकी गोठवलेली रक्कम कशी सोडवावी?

साताऱ्याचे माझे मामा (वय ७४, निवृत्त शिक्षक) यांना पोलिसी गणवेशातील एका माणसाने व्हिडिओ कॉलवर दोन दिवस अडकवून ठेवले आणि मुदत ठेव मोडायला लावून ९ लाख रुपये आरटीजीएसने वळते करून घेतले. अशी अटक कायद्यात नाहीच, हे त्यांना आता पटले आहे; पण मामींनाही कळू नये म्हणून आतून कडी लावून बसलो, याची लाज त्यांना पैशांहून अधिक खाते आहे. फोन वाजला की अजूनही तो उशीखाली सारतात.

त्याच रात्री १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार केली. पोच क्रमांक मिळाला आणि पुढच्या एका खात्यात २ लाख १० हजार रुपये गोठवल्याचे समजले. ते सोडवण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायालयात अर्ज करावा, असे वकील सांगतात. असा अर्ज कुणी केला आहे का, आणि गुन्हा नोंदलेला नसताना केवळ पोच क्रमांकावर तो चालतो का? व्यवहार ग्राहकानेच केला, असे सांगून बँक हात झटकते आहे. अशा वेळी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाण्याचा कुणाला उपयोग झाला असल्यास कृपया तेही कळवावे.

शिवाय, मामांना पुन्हा चारचौघांत कसे आणावे?