वाचणे आणि आठवून लिहिणे
धडा चार वेळा वाचला की तो डोक्यात बसतोच, असे नेहमी म्हटले जाते; ते मला अर्धेच पटते, कारण असा बसलेला धडा टिकतो किती दिवस, हा प्रश्न त्यात राहूनच जातो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ सालच्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते (८१ विरुद्ध ७५ टक्के), पण आठवड्यानंतर त्यांना ४२ टक्केच आठवले आणि लिहिणाऱ्यांना ५६.

खात्यांतर्गत परीक्षेसाठी मी नागपूरच्या महाल भागातल्या एका अभ्यासिकेत बसत असे, तेव्हा रजेचे नियम मार्करने रंगवून पाने ओली केली होती, तरी पुस्तक मिटले की अर्जित रजेची मर्यादा काही आठवत नसे. मग ऑफिसातल्या पाठकोऱ्या कागदांवर आधी आठवेल तेवढे लिहायचे आणि नंतरच पुस्तक उघडून लाल शाईने चुका दुरुस्त करायच्या, असे सुरू केले. पहिले चार दिवस कागद जवळजवळ कोराच राहिला (नागपूरच्या मे महिन्यात हा वैताग दुप्पट होतो), पण परीक्षेत सर्वांत आधी आठवल्या त्या याच लाल दुरुस्त्या.