क्लूझो म्हणजे ‘फ्रान्सचा हिचकॉक’?

सांजवात: काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘फ्रेंच दिग्दर्शक आंरी-जॉर्ज क्लूझो म्हणजे फ्रान्सचा हिचकॉक. दोन थरारपट बरे, बाकी कारकीर्द नाझींच्या पैशावर.’ वाचून डोकं फिरलं. त्याच्या ‘वेजेस ऑफ फिअर’ला १९५३ साली कान आणि बर्लिन, दोन्ही चित्रपट महोत्सवांत सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्यात नायट्रोग्लिसरीन हे स्फोटक घेऊन ट्रक निघेपर्यंतच जवळपास तास जातो. त्या तासात गावात अडकून पडलेली कफल्लक माणसं आपल्या ओळखीची होतात, म्हणून पुढे नायट्रोग्लिसरीनची धास्ती बसते. स्फोट कसा दाखवलाय? मागच्या ट्रकमधला ‘जो’ नावाचा माणूस सिगारेट वळतोय, कागदावरची तंबाखू अचानक उडून जाते, मग लखकन उजेड. पुढचा ट्रक संपला! आणि क्लूझोचा ‘ले दियाबोलिक’ १९५५चा, हिचकॉकचा ‘सायको’ १९६०चा. मग कुणाला कुणाचा म्हणायचं?

बोरीबंदर: ते मीच लिहिलं होतं. पुरस्कार कशाला मोजता? ‘ल कोर्बो’ हा चित्रपट त्याने १९४३ साली, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना, जर्मन मालकीच्या कॉन्टिनेंटल कंपनीसाठी काढला. तिथे पटकथा विभागही सांभाळत होता. युद्धानंतर फ्रेंचांनीच त्याच्यावर बंदी घातली, आजन्म! मग आपण कोण माफ करणारे?

सांजवात: बंदी नंतर दोन वर्षांवर आणली, तेही लिहा ना. चित्रपट पाहिलाय का? गावात निनावी पत्रं फिरतात, जो तो दुसऱ्यावर संशय घेतो. तेव्हा फ्रान्समध्ये लोक खरोखर निनावी चिठ्ठ्या धाडून शेजाऱ्यांना अडकवत होते. त्याच काळात हे दाखवणं ही लाचारी? झुलत्या दिव्याचा प्रसंग आठवा. म्हातारा डॉक्टर दिव्याला झोका देऊन विचारतो, उजेड कुठे, अंधार कुठे? दुसरा तो थांबवायला जातो आणि बोटं भाजून घेतो.

तालीम_सुटली: नाझींचं राहू द्या, सेटवरचं बोला. ‘ला व्हेरिते’ या चित्रपटाच्या वेळी क्लूझोने नटी ब्रिजित बार्दोला थोबाडीत मारल्याचा किस्सा कितीदा छापून आलाय. आमच्या कॉलेजच्या एकांकिकेत ‘खरं रडू हवं’ म्हणून दिग्दर्शक माझ्या मैत्रिणीला तिच्या वारलेल्या वडिलांवरून सगळ्यांसमोर बोलला. रडली ती. करंडकही आला. त्यानंतर तिने रंगमंचावर पाऊल ठेवलं नाही.

कृष्णाकाठ: ताई, वाईट झालं. पण मीही वीस वर्षं हौशी नाटकं बसवतोय. लाडीगोडीने तालमी होत नाहीत. हल्ली नटाला जरा आवाज चढवला की तो ग्रुप सोडतो.

तालीम_सुटली: दादा, आवाज चढवणं वेगळं, हात उचलणं वेगळं. आणि त्या खाक्याने शेवटी काय साधलं? १९६४चा त्याचा ‘लांफेर’ बघा. हाताशी वाटेल तेवढा पैसा, रात्रंदिवस कॅमेऱ्याच्या चाचण्या, नायक रेज्यानी सेट सोडून गेला, क्लूझोलाच हृदयविकाराचा झटका. चित्रपट अर्धवट पडला.

कृष्णाकाठ: झटका सेटवरच्या शिस्तीने येतो का? काहीही काय!

बोरीबंदर: विषय कुठे चाललाय? निनावी पत्रांचा मुद्दा पटला, एवढं मान्य. पण कॉन्टिनेंटलची नोकरी त्याने पुसली जात नाही.

सांजवात: पुसा कुणी म्हटलंय? ‘फ्रान्सचा हिचकॉक’ तेवढं काढा. थोबाडीत मारण्याचं समर्थन मीही करणार नाही. ‘ला व्हेरिते’ मात्र पुन्हा बघणार.

तालीम_सुटली: बघा. मी नाही बघणार.