"आफ्रिकेला तत्त्वज्ञान आहे का?" हा प्रश्न आधी नीट विचारा

आडवाट

रोखठोक यांनी परवा लिहिलं: "आफ्रिकन तत्त्वज्ञान म्हणून हल्ली जे शिकवतात ते म्हणी, लोककथा आणि गोऱ्यांचा अपराधगंड. ग्रीकांकडे प्लेटो, आपल्याकडे नागार्जुन आणि शंकराचार्य. आफ्रिकेत कोण? एक नाव सांगा." तिथे दोन ओळींत उत्तर दिलं होतं, पण ते डोक्यातून जाईना. एकोणीस वर्षं तालुक्याच्या गावी तत्त्वज्ञान शिकवतेय, आणि हे वाक्य दरवर्षी वर्गात कुणीतरी म्हणतंच. म्हणून हा वेगळा धागा.

नाव हवंय ना, घानाचे क्वासी विरेडू घ्या (१९३१–२०२२). ते म्हणाले, तुमचा तराजूच खोटा आहे. एका पारड्यात आफ्रिकेतल्या खेड्यातली भुताखेतांची समजूत घालता आणि दुसऱ्यात युरोपातल्या विद्यापीठातलं विज्ञान. खेड्यातली समजूत खेड्यातल्या समजुतीशी तोला. युरोपातले लोक तेरा आकड्याला घाबरतात म्हणून कांटसारखा तत्त्वज्ञ मोडीत निघतो का? मग कुठल्यातरी टोळीची म्हण ऐकून अख्ख्या खंडाला विचार करता येत नाही हे कसं ठरतं?

आता म्हणींबद्दल. १९४५ साली प्लासिद टेंपल्स या बेल्जियन मिशनऱ्याचं 'बांटू तत्त्वज्ञान' फ्रेंचमध्ये आलं. काँगोतल्या लुबा लोकांमध्ये राहून त्यानं मांडलं की बांटूंच्या, म्हणजे बांटू भाषा बोलणाऱ्या आफ्रिकन लोकांच्या, लेखी असणं म्हणजेच शक्ती. प्रत्येक गोष्ट ही कमी-जास्त होणारी जीवनशक्ती. अनेक आफ्रिकन वाचकांना तेव्हा बरं वाटलं, कुणीतरी आपल्याला डोकं आहे म्हणालं. पण मार्टिनिकचा कवी एमे सेझेर चिडला. त्याचं म्हणणं असं, की बांटूंना रास्त मजुरी नको, धड घर नको, पोटभर अन्न नको, त्यांच्या 'शक्ती'चा मान ठेवला की झालं, ही बेल्जियमला फारच सोयीची गोष्ट आहे.

आणि सत्तरच्या दशकात बेनिनच्या पॉलिन हुंतोंजींनी तर या सगळ्याची सालटी काढली. अख्ख्या जमातीचं मिळून एकच तत्त्वज्ञान, कुणाचाच कुणाशी मतभेद नाही, असं कुठे असतं का? तत्त्वज्ञान एकेका माणसाचं असतं, तो ते मांडतो, दुसरा ते खोडतो. म्हणजे रोखठोक, तुमचा आक्षेप आफ्रिकन माणसानंच पन्नास वर्षांपूर्वी घेतलाय, तुमच्यापेक्षा जास्त धारेनं. पण "म्हणून आमच्याकडे काहीच नाही" असं त्यांनी म्हटलेलं नाही. आफ्रिकन माणसांनी तत्त्वज्ञान म्हणून लिहिलेले ग्रंथ म्हणजे आफ्रिकन तत्त्वज्ञान, इतकी साधी व्याख्या त्यांनी केली. त्यात आन्टोन विल्हेल्म अमो बसतो. आजच्या घानातल्या अक्सिमचा मुलगा, १७३४ साली विटेनबर्गला मनाला संवेदना होते का यावर प्रबंध लिहितो, पुढे हाले आणि येनाला शिकवतो. कांट तेव्हा दहा वर्षांचा होता.

शेवटचं एक. ज्या जर्मन तत्त्वज्ञ हेगेलनं आफ्रिका इतिहासाबाहेर ठेवली, त्यानंच खरं तत्त्वज्ञान ग्रीसमध्ये सुरू होतं म्हणून आपल्यालाही उंबऱ्याबाहेर बसवलं. तीच फूटपट्टी आपण उचलून शेजाऱ्याला लावावी, याचा मला राग येतो.

रोखठोक

ताई, मला वर्णद्वेष्टा ठरवायची घाई करू नका. माझ्या प्रश्नाला वंश नाही.

घर आहे की नाही यावर चार भाऊ पन्नास वर्षं भांडले, तरी त्यानं घर बांधून होत नाही. तुम्ही दिलेली अर्धी यादी "आमच्याकडे तत्त्वज्ञान आहे का" याच वादाची आहे. तो वाद सोडून त्या मंडळींनी काय सिद्ध केलं ते सांगा.

अमोचं म्हणाल तर लहानपणी युरोपात नेलेला मुलगा, लॅटिनमध्ये लिहिलं, वाद देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाशी घातला. त्यात आफ्रिका कुठे आली? हुंतोंजी फ्रेंचमध्ये, विरेडू इंग्रजीत. या दोन भाषा काढून घेतल्या तर हातात काय उरतं? आपल्याकडे निदान संस्कृत होती, पाली होती, खंडनमंडनाची लेखी परंपरा होती. हा फरक आहे, आणि तो बोलून दाखवणं गुन्हा नाही.

मटाटू

नैरोबीत बारा वर्षं काढली, हिशेबनीस म्हणून. तिथल्या आपल्या लोकांच्या जेवणावळीत "ह्यांना उद्याचं काही नसतं हो, आजचं आज खातात" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की अजून कानात आहे. घरात सगळी कामं त्याच माणसांकडून करून घ्यायची आणि वर हे.

गंमत नाही, दुःख आहे की याला 'तत्त्वज्ञाना'चा आधारही मिळतो. जॉन म्बिटी, स्वतः केनियन, १९६९ च्या पुस्तकात म्हणाले की आफ्रिकन कल्पनेत काळ म्हणजे सासा आणि झमानी, चालू काळ आणि खोल भूतकाळ. लांबचं भविष्य जवळजवळ नाहीच. आधार काय, तर किकांबा आणि गिकुयू या तिथल्या भाषांमधली भविष्यकाळाची क्रियापदं दोनेक वर्षांपलीकडे जात नाहीत.

आमच्या ऑफिसात चहा देणाऱ्या बाईंची चामा होती. चामा म्हणजे आपली भिशीच. अकरा बायका. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जमायच्या, वहीत प्रत्येकीचा अंगठा नाहीतर सही. सात वर्षांनी शहराबाहेर जमीन घ्यायची हे पहिल्या दिवशी ठरलेलं. मीच ती वही दोनदा तपासून दिली होती, एका शिलिंगाचा फरक नव्हता. क्रियापदाला सात वर्षांचा काळ नसेल, बाईंना होता. म्बिटींवर सगळ्यात कडक टीका आफ्रिकन अभ्यासकांनीच केली ती यासाठीच. रोखठोक, हा घर आहे की नाही याचा वाद नाही. काळ म्हणजे काय, भाषेवरून तो कळतो का, असा वाद आहे. हे तत्त्वज्ञान नाही तर काय?

जुना हॉस्टेलकर

पुण्यात शिकताना माझा रूम पार्टनर नायजेरियाचा, योरुबा. परीक्षेचा निकाल लागला, मी धावत येऊन सांगितलं, "तू पास झालास, मला माहितीये!" तो विचारतो, "पाहिलंस?" म्हटलं नाही, अमक्यानं सांगितलं. म्हणाला, "मग तुला माहीत नाही, तू मानतोयस." तेव्हा मला तो नुसता चिकित्सक वाटला होता.

पुढे कळलं की हालेन आणि सोडिपो या दोन तत्त्वज्ञांनी १९८६ च्या पुस्तकात नेमकं हेच मांडलंय. योरुबा वैदूंशी बसून त्यांनी चर्चा केली. 'मो' म्हणजे जाणणं, आणि ते फक्त स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, समजून घेतलेल्याला लागू. ऐकलेलं, शिकवलेलं, पुस्तकात वाचलेलं सगळं 'ग्बाग्बो', मानणं. म्हणजे शाळेत शिकलेलं बहुतेक सगळं आपल्याला माहीत नसतंच! गोरे म्हणायचे हे लोक ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवतात, आणि ज्ञानाची अट इथे कडक निघाली.

मराठीत आपण "म्हणे" लावतो. "तो आला म्हणे." त्या एका शब्दानं आपण हात झटकतो.

रोखठोक

हेच, हेच मी म्हणतोय! "म्हणे" हे व्याकरण आहे. उद्या कुणी मराठीच्या विभक्तींवरून 'मराठी तत्त्वज्ञान' काढलं तर तुम्ही हसाल. रवांडाच्या अलेक्सी कागामे या पाद्री अभ्यासकांनी हेच केलं. मुंटू, किंटू, हांटू, कुंटू ही किन्यारवांडा भाषेतली रूपं घेतली आणि ॲरिस्टॉटलसारखी पदार्थांची कोष्टकं मांडली. त्याला चूक म्हणणारे तुमचेच हुंतोंजी ना?

माजघर

तुमचं चालू द्या, पण मला एक बोलायचंय. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाच्या कंपनीत 'उबुंटू' हे आफ्रिकन तत्त्व शिकवलं. "मी आहे कारण आपण आहोत." पडद्यावर हात धरलेल्या मुलांचं चित्र. त्याच महिन्यात त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या दोघांना घरी पाठवलं.

आणि कंपनी राहू दे. मी सासरी चौतीस वर्षं 'आपण'मध्येच होते. आपलं घर, आपली माणसं, आपली रीत. 'मी' म्हटलं की लगेच भांडं आपटायचं. त्यामुळे "व्यक्ती समाजामुळे घडते" हे कुणी कौतुकानं सांगितलं की माझ्या पोटात गोळा येतो. आफ्रिकेतल्या बायकांना कुणी विचारलंय का?

आडवाट

माजघर, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात खरा आहे. हा वाद तिथे झालाय. नायजेरियाचे मेनकिटी १९८४ साली म्हणाले, माणूसपण जन्मानं मिळत नाही, समाजात राहून कमवावं लागतं, आणि त्यात माणूस नापासही होऊ शकतो. घानाचे क्वामे ग्येक्ये यांनी याला कडाडून विरोध केला: माणूस समाजात वाढतो हे खरं, पण त्याची बुद्धी, त्याची निवड समाजानं दिलेली नाही, आणि म्हणून हक्कही समाजाच्या मेहरबानीवर नाहीत. मी ग्येक्येंच्या बाजूची आहे. तुमच्यासारखीच कारणं आहेत.

रोखठोक, कागामेंबद्दल तुमचं बरोबर. पण तुम्ही विचारलंत की इंग्रजी काढून घेतली तर काय उरतं. विरेडूंचं उत्तर उलटं होतं: काढून घेऊनच बघा. तात्त्विक प्रश्न आपल्या भाषेत मांडा. तिथे तो विरघळला तर कदाचित तो सगळ्या माणसांचा प्रश्न नव्हता, एका भाषेची गाठ होती. इंग्रजीत विचारतात, सत्य म्हणजे वस्तुस्थितीशी जुळणं का? विरेडूंच्या अकान भाषेत दोन्हीला एकच बोल, 'ते तसं आहे.' मग उत्तर होतं, तसं आहे ते तसं असण्याशी जुळतं. हाती काही लागत नाही. सत्याचा प्रश्न उरतोच, पण नुसत्या 'जुळण्या'नं तो सुटला असं वाटणं संपतं.

मी हे वर्गात करून पाहिलं. "सत्य म्हणजे काय?" म्हटल्यावर सगळ्यांनी नोट्समधली व्याख्या घोकून दाखवली. मग विचारलं, "खरं म्हणजे काय?" वर्ग गप्प. मागच्या बाकावरची एक मुलगी, ऊसतोड कामगारांची, म्हणाली, "मॅडम, जे झालंय ते. लोकांनी काहीबी म्हणूद्या." त्यावर दुसरा उठला, "मग जे अजून व्हायचंय त्याचं काय?" तास संपला तरी कुणी उठेना. एकोणीस वर्षांत असा तास मला फार वेळा मिळाला नाही.

खडू-फळा

आडवाट, डोळ्यांत पाणी आलं. मी १९९१ मध्ये प्रबंध मराठीत लिहायला मागितला. मार्गदर्शक म्हणाले, "तत्त्वज्ञान मराठीत? अभंग लिहिणार आहात का?" इंग्रजीत लिहिला, पाच वर्षं लागली, आणि त्यातलं एक वाक्यही मला आज माझं वाटत नाही. मी निवृत्त झालो त्या वर्षी आमच्या कॉलेजातला विषयच बंद केला, मुलं येत नाहीत म्हणून. न कळणाऱ्या भाषेतल्या प्रश्नांकडे मुलं का येतील?

रोखठोक

सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण धागा आफ्रिकेचा आणि रडगाणं मराठीचं, हे नको. आठ प्रतिसादांत आपण अकानवरून अभंगावर आलो.

खडू-फळा

रडगाणं? पाच वर्षं गेली माझी. "इंग्रजी काढली तर काय उरतं" हे तुम्ही आफ्रिकन माणसाला विचारलंत, मला तेच माझ्या खोलीत बसून विचारलं होतं. शब्द मागे घ्या.

मटाटू

सरांशी सहमत. आणि लेखी परंपरेचं काय घेऊन बसलात? नैरोबीचे प्राध्यापक ओडेरा ओरुका (१९४४–१९९५) टेप रेकॉर्डर घेऊन गावागावातल्या म्हाताऱ्यांकडे गेले. गाव काय मानतं ते विचारायचं आणि मग, "तुम्हाला काय वाटतं?" नुसतं पाठ केलेलं सांगणारे वेगळे काढले, गावाच्या समजुतीला प्रश्न विचारणारे वेगळे. केनियातल्या लुओ जमातीतले पॉल म्बुया अकोको म्हणाले, आमचे लोक समजायचे आमचा देव वेगळा, ते चुकत होते, देव सगळ्यांचा एकच. आपल्याच जमातीला चूक म्हणणारा माणूस. जमातीचं एकच मत असतं का, या हुंतोंजींच्या सवालाला याहून चांगलं उत्तर नाही.

रोखठोक

सर, 'रडगाणं' मागे घेतो. ते बोलायला नको होतं.

ओरुकांचं मला माहीत नव्हतं. ठीक, हा मुद्दा तुमचा. पण त्यातही प्रश्न विचारणारा प्राध्यापक, निवडणारा प्राध्यापक, छापणारा प्राध्यापक. विचार म्हाताऱ्याचा की प्रश्नाचा? आणि कुणीतरी येऊन इथिओपियाच्या झेरा याकोबचं नाव घेण्याआधीच सांगतो, १६६७ चा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ म्हणून नाचवलेलं त्याचं हस्तलिखित एका इटालियन पाद्र्यानंच लिहिलं असा संशय आहे.

आडवाट

संशय आहेच. हस्तलिखित एकोणिसाव्या शतकात जुस्तो दा उर्बिनो या पाद्र्याकडून आलं, १९२० मध्ये इटालियन अभ्यासक कॉन्ती रोसिनीनं ते त्या पाद्र्याचंच ठरवलं. अदिस अबाबाच्या क्लॉड समनर यांनी आयुष्य घालवून ते खोडायचा प्रयत्न केला. वाद मिटलेला नाही, म्हणूनच मी वर त्याचं नाव घेतलं नाही. माझं म्हणणं त्याच्यावर उभं नाही.

विचार म्हाताऱ्याचा की प्रश्नाचा, हे मात्र मलाही सुटलेलं नाही. सॉक्रेटिसबद्दलही तोच प्रश्न आहे, प्लेटोनंच लिहिलंय सगळं.

माजघर

ओरुकांच्या त्या म्हाताऱ्यांत बायका किती होत्या?

आडवाट

फार थोड्या.

माजघर

मग आधी त्या थोड्यांचंच द्या. माझं इंग्रजी बेताचं आहे, मुलगी वाचून दाखवेल.

आडवाट

सोमवारी झेरॉक्स काढून पाठवते. अडेल तिथे मराठीत समासात लिहून देते. खडू-फळा सर, तेवढं भाषांतर एकदा तपासून द्याल?

खडू-फळा

देतो. पानं लवकर पाठवा.