घोडीची चंदी, म्हणजे हरभऱ्याचा खुराक, कमी करावी का? नैसर्गिक आहार आणि घरगुती उपचारांबद्दल सल्ला हवा आहे

भीमाकाठ यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. गेल्या दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आम्ही सात वर्षांची एक मारवाडी घोडी घरी आणली. आजोबांच्या काळी आमच्या दारी घोडा असे, त्यामुळे माळ्यावर खोगीर, तोबरा आणि खरारा सापडले, पण घोडा राखण्याची विद्या मात्र मधल्या पिढीत आमच्या घरातून निघून गेली. आता जे काही करतो आहोत ते गावातील वडीलधाऱ्यांना विचारून आणि बरेचसे अंदाजाने.

घोडीला सकाळी दोन किलो आणि संध्याकाळी दोन किलो हरभरा भिजवून देतो; हे वजन कोरड्या हरभऱ्याचे आहे. शिवाय दिवसाला एक किलो गव्हाचा कोंडा, थोडा गूळ आणि गाईंसाठी आणलेल्या गोळी पेंडेतील दोन ओंजळी. वैरण म्हणून गाईंसाठीच लावलेले हत्तीगवत साधारण वीस किलो टाकतो. कडबा देत नाही, कारण तो निकस असतो आणि त्याने घोडीचे पोट सुटते, असे गावात सर्वांचेच म्हणणे पडले. घोडी दिवसभर दावणीला असते आणि रोज संध्याकाळी अर्धा तास रपेट होते.

अडचण अशी की लीद गोळ्यांची पडत नाही, सैल पडते आणि तिला आंबूस वास येतो. गोठ्याचा लाकडी खांब तिने कुरतडून निम्मा केला आहे. चार महिन्यांत दोनदा पोट दुखले. ती पुढचा पाय आपटत होती, मान वळवून कुशीकडे पाहत होती आणि खाली बसून पुन्हा उठत होती. दुसऱ्या खेपेस शेजारच्या एका जाणत्या गृहस्थांनी बांबूच्या नळीने अर्धा लिटर तेल पाजले आणि दोन तासांत ती शांत झाली.

मला तिचे संगोपन शक्य तितके नैसर्गिक पद्धतीने करायचे आहे. कडुनिंब, हळद, लसूण, ओवा यांवर भर देऊन जंतनाशके आणि लसी टाळता येतील का? आणि हरभऱ्याला नैसर्गिक पर्याय कोणता?

जुनी पागा यांचे उत्तर

आपल्या आजोबांच्या घोड्याला हरभऱ्याची चंदी मिळत असे हे खरे, पण तो घोडा काम किती करीत असे हेही घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पाहा. चंदी हा कष्टाचा मोबदला होता. दिवसभर दावणीला उभ्या असलेल्या आणि अर्धा तास दुडकी चालणाऱ्या घोडीला चार किलो हरभरा म्हणजे बसून खाणाऱ्या माणसाला रोज लग्नाचे जेवण.

नैसर्गिक आहार म्हणजे काय हे पाहायचे असेल तर दिवाळीनंतर कोकणाच्या वाटेला लागणाऱ्या धनगरांच्या वाड्यांबरोबरची, म्हणजे फिरत्या तळांबरोबरची, घोडी पाहावीत. भीमथडी म्हणून ओळखली जाणारी ही बुटकी, काटक जनावरे पाठीवर सगळा संसार, वर कोंबड्या आणि नुकतीच जन्मलेली कोकरे घेऊन मेंढरांमागे चालतात, ओझे उतरले की अंधार पडेपर्यंत आणि नंतरही चरत राहतात, आणि त्यांच्या तोबऱ्यात हरभरा क्वचितच पडतो. चरणे, चालणे आणि बरोबरीच्या जनावरांची संगत एवढ्यावर ती वर्षानुवर्षे टिकतात. आपल्या घोडीला या तिन्ही गोष्टी मिळत नाहीत आणि जे मिळते आहे त्याची तिला गरज नाही. खांब कुरतडणे ही खोड नव्हे. ती चघळायला काही तरी मागते आहे.

माझा सल्ला असा की वाळलेले डोंगरी गवत, मारवेल किंवा पवन्या मिळाले तर उत्तम, नाही तर स्वच्छ कडबा कुट्टी न करता लांबच टाका आणि तो दिवसरात्र समोर राहू द्या. मसाल्यात ओवा, मेथी, सुंठ आठवड्यातून दोनदा आणि लसणाचा एक गड्डा रोज देण्याची आमच्याकडे पद्धत आहे.

सालोत्री यांचे उत्तर

मी पशुवैद्य आहे आणि माझ्या कामाचा मोठा भाग घोड्यांचा आहे. वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे. लसणापुरता मतभेद आहे, त्याकडे शेवटी येतो.

प्रथम घोडीचे वजन काढा. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेराला घेराने आणि मग लांबीने गुणून 11,880 ने भागले की किलोमध्ये अंदाजे वजन मिळते. घेर 165 आणि लांबी 150 असेल तर वजन 344 किलोच्या आसपास येईल, आणि आपल्या घोडीचे वजन तेवढेच असावे असे धरून पुढचा हिशेब करतो.

घोड्याचे जठर शरीराच्या मानाने फारच लहान, जेमतेम 8 ते 15 लिटरचे असते आणि त्यात आम्ल चोवीस तास पाझरत राहते, मग पोटात अन्न असो वा नसो. हे आम्ल शमवणारी लाळ मात्र केवळ चघळतानाच सुटते. त्यामुळे दोन वेळा भरपेट चंदी आणि मधले आठ-दहा तास रिकामे तोंड ही रचना त्याच्या पोटाच्या घडणीच्याच विरुद्ध आहे. गाईला रवंथ करता येते, घोड्याला येत नाही. त्याचा चारा मागच्या आतड्यात, म्हणजे अंधांत्र आणि मोठे आतडे यांतील जिवाणू कुजवतात. पिष्ट पदार्थ लहान आतड्यात पचायला हवेत, आणि एका वेळी शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅमहून अधिक पिष्ट आले तर उरलेले न पचता मागे सरकते. दोन किलो हरभऱ्यात सुमारे 800 ग्रॅम पिष्ट असते, आणि आपल्या घोडीची एका वेळची मर्यादा आहे 344. उरलेले पिष्ट मागच्या आतड्यात आंबते, तेथील आम्लता वाढते, चारा पचवणारे जिवाणू मरतात. आंबूस वासाची सैल लीद हे त्याचेच लक्षण असावे. पोटशूळ ही त्यापुढची पायरी, आणि खुरांच्या आतल्या पापुद्र्यांचा दाह ही त्याहून वाईट पायरी, कारण त्यात घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो.

आता वैरणीचा हिशेब. घोड्याला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा लागतो, म्हणजे येथे पाच ते सात किलो. हत्तीगवतात सुमारे चार पंचमांश पाणी असते, त्यामुळे आपल्या वीस किलोंतून प्रत्यक्षात चारच किलो चारा पोटात जातो. घोडी भरलेल्या गव्हाणीपुढे अर्धपोटी उभी आहे.

हत्तीगवत आणि कोंडा ही जोडी आणखी एका कारणाने वाईट आहे. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या सुमारे दहापट असतो, आणि हत्तीगवतातील ऑक्झलेट उरलेसुरले कॅल्शियम बांधून ठेवते. गाईच्या कोठीपोटातील जिवाणू ऑक्झलेट फोडतात, घोड्याला ती सोय नाही. रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर मग हाडांतून ते काढू लागते. जबड्याची आणि चेहऱ्याची हाडे मऊ होऊन फुगतात आणि चाल अवघडते. पूर्वी गिरणीवाल्यांच्या घोड्यांत हा आजार नेहमी दिसे, कारण त्यांना कोंडा फुकट मिळत असे. म्हणून कोंडा बंद करा, हत्तीगवत निम्म्याहून कमी करा आणि दिवसाला किलोभर वाळवलेली लसूणघास (ल्युसर्न हे चारापीक, लसणाशी याचा संबंध नाही) सुरू करा, म्हणजे दहा-बारा ग्रॅम कॅल्शियम नैसर्गिकरीत्याच मिळेल. कडब्यात बुरशी नसावी, आणि हिरवी कोवळी ज्वारी किंवा ज्वारीचा खोडवा मुळीच नको. किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीतले विष, फक्त गाईलाच बाधते असे समजू नये.

गोळी पेंड मात्र आजच बंद करा. गाई-म्हशींच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचा घटक मिसळलेला असू शकतो. गाईला तो मानवतो. घोड्याला दर किलो वजनामागे दोन-तीन मिलिग्रॅम एवढ्यानेही मृत्यू येऊ शकतो, कारण तो हृदयाच्या स्नायूवर आघात करतो आणि त्याला उतारा नाही.

नळीने तेल पाजण्याबद्दल स्पष्ट लिहितो. या वेळी घोडी वाचली, पण ते तेल फुप्फुसात गेले असते तर न्यूमोनियाने गेली असती. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोट फुगलेल्या अवस्थेत नाकावाटे जठरात नळी घालणे हे पशुवैद्याचेच काम आहे. पोट दुखू लागले की खाणे काढून घ्या, दवाखान्यात फोन करा आणि वैद्य येईपर्यंत सावकाश चालवा.

आता औषधे. हळद किंवा ओव्याला माझा आक्षेप नाही, पण ओव्याच्या भरवशावर धनुर्वाताची लस टाळू नये. धनुर्वाताला घोड्याइतके बळी पडणारे दुसरे पाळीव जनावर नाही. खुरात खिळा घुसण्याएवढी जखम पुरते आणि जंतू लिदीत व मातीत असतातच. तीच गोष्ट सर्रा रोगाची. तो गोमाशा पसरवतात, आणि पावसाळ्याच्या सुमारास चढउताराचा ताप, पायांवर सूज व झपाट्याने खंगणे दिसले तर रक्त तपासून औषधच द्यावे लागते. जंतांच्या बाबतीत आपल्या भावनेशी मी अर्धा सहमत आहे: दर दोन महिन्यांनी डोळे झाकून औषध पाजल्याने जंतच औषधाला सरावतात. ताज्या लिदीचा नमुना तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या, अंड्यांची मोजणी करून घ्या आणि गरज असेल तरच औषध द्या. कडुनिंबाने हे जंत जातात याला भरवशाचा पुरावा नाही.

राहिला लसूण. कांदा-लसणातील गंधकयुक्त द्रव्ये घोड्याच्या तांबड्या पेशी फोडतात. एखाद्या पाकळीने काही होणार नाही, परंतु रोज गड्डा महिनोन् महिने दिल्यास पंडुरोग, म्हणजे रक्तक्षय, होऊ शकतो.

जुनी पागा यांचा प्रतिसाद

लसणाबाबत मी ऐकीव गोष्ट सांगितली हे मान्य करतो आणि आमच्या घोड्याचा लसूणही आजपासून बंद. मात्र ओवा-सुंठीचा मसाला सोडणार नाही; त्याने बरे वाटते ते घोड्याला की मला, हा भाग वेगळा.

लाल वाट यांचे उत्तर

आमची तीन घोडी माथेरानला पर्यटकांच्या कामावर आहेत. वरच्या उत्तरांत पाणी, मीठ आणि पाय राहून गेले म्हणून लिहितो. साडेतीनशे किलोच्या जनावराला थंडीत वीस-पंचवीस लिटर पाणी पुरते. उन्हाळ्यात, त्यातून काम असेल तर, त्याच्या दुप्पट लागते. घोड्याचा घाम माणसाच्या घामापेक्षा खारट असतो, त्यामुळे गव्हाणीत मिठाचा खडा नेहमी असावा आणि घाम गाळून आलेल्या दिवशी चमचाभर मीठ चाऱ्यातही टाकावे.

खूर महिन्याला आठ-नऊ मिलिमीटर वाढते. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी आलाच पाहिजे, नाल मारलेला असो वा नसो. खरारा करताना चारही तळवे रोज उकरून वास घ्यावा; पावसाळ्यात काळपट, घाण वासाचा चिखल निघू लागला तर तळव्याचा मधला मऊ भाग कुजतो आहे असे समजावे. औषधाआधी जागा कोरडी करावी लागते, ओल्या गोठ्यात कोणतेही औषध लागू पडत नाही. दातही एकदा तपासून घ्या. अर्धवट चावलेले गवताचे बोळे गव्हाणीत पडत असतील तर दाढांना धारदार कडा आल्या आहेत, आणि मग कितीही चांगला चारा घातला तरी अंगी लागणार नाही.

भीमाकाठ यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. घेर 162 आणि लांबी 148 भरली, म्हणजे वजन 327 किलो. गोळी पेंड त्याच दिवशी बंद केली. कडबा आणला आहे आणि दुपारी चार तास घोडीला कुंपण घातलेल्या पडीक रानात दोन कालवडींबरोबर मोकळे सोडतो. पहिल्या दिवशी ती इतकी उधळली की वडील घाबरले. एकच शंका आहे: हरभरा एकदम बंद करावा का? घरच्यांना भीती वाटते की बरगड्या दिसू लागतील आणि गाव नावे ठेवील.

सालोत्री यांचे उत्तर

गोळी पेंड सोडता एकदम काहीच बदलू नका, कारण मागच्या आतड्यातील जिवाणूंना नव्या चाऱ्याची सवय व्हायला वेळ लागतो. दहा ते चौदा दिवसांत टप्प्याटप्प्याने हरभरा एका वेळी अर्ध्या किलोवर आणा, कडबा त्याच बेताने वाढवा, आणि चंदीच्या आधी नेहमी चारा द्या. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवल्यावर सहज लागाव्यात. दर पंधरा दिवसांनी त्याच जागी फीत लावून घेर मोजा आणि वहीत लिहून ठेवा. महिनाभराने घेर घटत असेल तर हरभरा वाढवण्याआधी लसूणघास किलोभराने वाढवा, आणि त्यापूर्वी लिदीची तपासणी व दात ही दोन कामे झालेली असू द्या. कालवडींची संगत ठीक आहे, फक्त त्यांच्या पेंडेच्या टोपल्यापर्यंत घोडीचे तोंड पोहोचणार नाही एवढे पाहा.