वर्गातलं पॅनल बंद ठेवून मी पाट्या काढल्या

धागाकर्ती (गणित शिक्षिका)

मी सहावीला गणित शिकवते. दोन वर्षांपूर्वी वर्गात डिजिटल पॅनल बसलं आणि पहिलं सत्रभर मी ते अगदी हौसेने वापरलं. दशांश अपूर्णांकांचे व्हिडिओ, रंगीत पट्ट्या, सरकणारा दशांश बिंदू. मुलं टक लावून बघायची आणि मला वाटायचं, तास छान चाललाय. मग चाचणीचे पेपर तपासायला घेतले. ०.८, ०.३५ आणि ०.१२५ यांत सर्वांत मोठी संख्या कोणती, एवढाच प्रश्न. निम्म्याहून जास्त मुलांनी ०.१२५ ला गोल केला होता. एकाला जवळ बोलावून विचारलं तर म्हणाला, "बाई, एकशे पंचवीसच मोठे ना!" तीन आठवडे तो माझ्यासमोर बसला होता आणि मला याचा पत्ता नव्हता.

तेव्हापासून पाट्या. प्रश्न फळ्यावर लिहायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर लिहायचं आणि "वर" म्हटलं की सगळ्या पाट्या एकदम वर. कोण कुठे अडलंय ते तिथल्या तिथे दिसतं.

यंत्र आधी घ्यायचं आणि त्याचं काय करायचं ते मागाहून शोधायचं, याला माझा विरोध आहे. शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील, चलच्चित्रं शिकवतील, असं एडिसन १९१३ साली म्हणाले होते. पेरू देशात 'प्रत्येक मुलाला लॅपटॉप' योजनेची ३१९ ग्रामीण शाळांत पाहणी झाली. १५ महिन्यांनंतरही गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडलेला नव्हता.

प्रतिसाद १ (विज्ञान शिक्षक)

ताई, पाट्यांबद्दल काहीच वाद नाही. पण पेरूच्या त्याच पाहणीत मुलांच्या सामान्य बौद्धिक क्षमतेच्या चाचण्यांत थोडी वाढ दिसली होती, ते तुम्ही सोडलंत. आणि तिथे लॅपटॉप मिळाले, शिकवण्याची पद्धत मात्र तीच राहिली. दोष कुणाचा मानायचा?

माझ्या वर्गातलं सांगतो. एकसर जोडणीत, म्हणजे एकाच तारेवर एकामागोमाग, दोन बल्ब लावले की कोणता जास्त उजळेल? बरीच मुलं म्हणतात, पहिला. कारण वीज त्यात "खर्च होते", दुसऱ्याला उरलीसुरली मिळते. मी खरे बल्ब लावून दाखवायला गेलो. बाजारातले दोन बल्ब तंतोतंत सारखे नसतात, पहिला किंचित जास्त उजळला आणि मुलांची चुकीची समजूत आणखी पक्की झाली! मग अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट (PhET) सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करायचा प्रयोग, उघडलं. ते मोफत आहे, भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली ते काम सुरू केलं. त्यात दोन्ही बल्ब हुबेहूब सारखे. आधी प्रत्येकाकडून अंदाज लिहून घेतला, मग कळ दाबली. तारेतले ठिपके दोन्ही बल्बांतून एकाच वेगाने जाताना दिसले तेव्हा एक मुलगी उठून पडद्याजवळ आली आणि बोट लावून ठिपके मोजायला लागली. हे मला पाटीवर दाखवून द्या.

प्रतिसाद २ (प्राथमिक शिक्षिका)

सर, तुमच्या वर्गात जे झालं ते "आधी अंदाज लिहा" यामुळे झालं. तीच कळ अंदाजाशिवाय दाबली असती तर मुलांनी ठिपके बघून "छान!" म्हटलं असतं. शिवाय खऱ्या जोडणीत चुकून बल्ब वगळून बॅटरीची दोन टोकं तारेने थेट जोडली गेली (शॉर्ट सर्किट) की तार तापते, बोटाला लागते, आणि मूल ते जन्मात विसरत नाही. पडद्यावर आगीचं चित्र येतं, एवढंच.

प्रतिसाद १ (विज्ञान शिक्षक)

मान्य. मी दोन्ही करतो. आधी सिम्युलेशन, मग खरे बल्ब, आणि मग "पहिला जास्त का उजळला असेल?" हा प्रश्न. तो तास सगळ्यांत चांगला होतो.

प्रतिसाद ३ (सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करतो, पालक)

मूळ प्रश्न वेगळाच आहे. एकाच वर्गात कुणी तिसरीच्या पातळीवर असतं, कुणी सहावीच्या. शिक्षक शिकवणार कुणाला? दिल्लीत सरकारी शाळांच्या मुलांवर झालेला, २०१९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा. मुलाच्या पातळीनुसार प्रश्न देणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम केल्यावर साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत स्पष्ट प्रगती दिसली. पाट्या वर आल्यावर ताईंना दिसेल की बरीच मुलं अडली आहेत. पण प्रत्येक जण वेगळ्या ठिकाणी अडलेला असताना पुढच्या मिनिटाला त्या काय करणार?

धागाकर्ती (गणित शिक्षिका)

प्रश्न बोचरा आहे आणि खरा आहे. त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही.

पण तो अभ्यास पूर्ण सांगा. ती केंद्रं शाळा सुटल्यावर चालायची, आणि नव्वद मिनिटांतली निम्मी वेळ सॉफ्टवेअर, निम्मी वेळ लहान गटात माणूस शिकवायचा. "यंत्र ठेवलं आणि मुलं शिकली" असं ते नव्हतं.

दुसरं, आपोआप गुण देणारं अ‍ॅप काय बघतं? माझ्याच प्रश्नात ०.८ हे बरोबर उत्तर लिहिणाऱ्या एका मुलीला कारण विचारलं. ती म्हणाली, "जेवढे आकडे जास्त तेवढी संख्या बारीक." उत्तर बरोबर, समजूत साफ चूक. अ‍ॅपने हिरवी खूण देऊन तिला पुढे पाठवलं असतं.

प्रतिसाद ३ (सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करतो, पालक)

म्हणून प्रश्न जोडीने द्यायचे. दुसरा प्रश्न: ०.३, ०.३७, ०.३६२. "जास्त आकडे म्हणजे मोठी" वाला ०.३६२ निवडेल, तुमची मुलगी ०.३ निवडेल, समजलेला ०.३७. हे अ‍ॅपला पक्कं पकडता येतं. मात्र प्रश्न कुणीतरी तुमच्यासारख्यांनीच घडवायला हवा, हे कबूल.

प्रतिसाद ४ (निवृत्त मुख्याध्यापक)

अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्ग न्याहाळून दाखवलं होतं: प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि गप्प मुलंही बोलू लागतात. पॅनल घ्या, पाट्या घ्या, आधी थांबा.

प्रतिसाद ५ (पालक)

माझी मुलगी दृष्टिहीन आहे. ताई, तुमच्या "वर" म्हणण्यावर तिने काय वर करायचं? लॅपटॉप आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) आल्यावर ती पहिल्यांदा स्वतःचं उत्तर स्वतः टाइप करून बाईंना दाखवू शकली. तिच्यासाठी तंत्रज्ञान ही हौस नाही. आणि सगळीकडे ज्यांचं कौतुक होतं ते व्हिडिओही तिच्या कामाचे नाहीत. "हे इथून इथे सरकलं" म्हणजे कुठून कुठे? दशांशाच्या एका व्हिडिओतला आवाज सतत "शून्य पॉइंट पस्तीस" म्हणत होता. तिने विचारलं, "आई, पस्तीस आठापेक्षा मोठेच ना?"

धागाकर्ती (गणित शिक्षिका)

तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. "पॉइंट पस्तीस" मीसुद्धा म्हणते. रोज म्हणते. ज्याने एकशे पंचवीस म्हटलं त्याच्या कानावर ते माझ्याच तोंडून गेलं होतं, आणि मी व्हिडिओला दोष देत बसले.

सोमवारपासून "शून्य दशांश चिन्ह तीन पाच" असंच वाचेन. फळ्यावर लिहिलेलं सगळं मोठ्याने बोलेन. वर्गातला एक लॅपटॉप ज्याला पाटी जमत नाही त्याच्यासाठी उघडा राहील. आणि जोडीचे ते दोन प्रश्न मी पाट्यांवर घेते. प्रतिसाद ३ वाले सॉफ्टवेअरचे पालक, तुमच्या ओळखीची कुणी शाळा ते अ‍ॅपवर घेईल का? कारण मात्र प्रत्येक मुलाला तोंडी विचारा. दोन्हीकडचं काय निघालं ते इथेच लिहू.