आधी चिप बघा, मग फर्मवेअर

आरजी ३५ एक्सएक्स या हातात धरून जुने गेम खेळायच्या यंत्रात कोणतं फर्मवेअर (यंत्र चालवणारी प्रणाली) टाकावं, या प्रश्नावर ‘आरजी ३५ एक्सएक्स असेल तर सरळ म्यूओएस टाका’ असं दोघांनी लिहिलंय. प्लस आणि एच मॉडेलसाठी ते अगदी पटतं. पण ज्याच्या नावापुढे काहीच नाही ते जुनं मॉडेल वेगळं आहे. त्यात अ‍ॅक्शन्स कंपनीची चिप आहे, प्लसमध्ये ऑलविनर कंपनीची एच७००. बाहेरून दोन्ही सख्खी भावंडं वाटतात, पण एकाची इमेज, म्हणजे कार्डावर चढवायची फर्मवेअरची फाइल, दुसऱ्यावर सुरूच होत नाही. जुन्यासाठी गार्लिकओएस किंवा मिनयूआय ही फर्मवेअर बघा.

मला स्वतःला मिनयूआय फार आवडतं. थीम नाहीत, खेळांच्या बॉक्सची चित्रं नाहीत, पण खेळ चालू असताना यंत्र बंद केलं तरी पुढच्या वेळी तिथूनच सुरू होतो. पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोड-मुंबई ये-जा करणाऱ्याला याची किंमत कळते. दादर आलं की बटण दाबायचं आणि उतरायचं.

आणि मूळ कार्ड पुसू नका. या यंत्रांची कंपनीची प्रणाली पहिल्या खाचेतल्या मायक्रोएसडी कार्डावरच असते; नवं फर्मवेअर वेगळ्या कार्डावर चढवलं तर जुनं घालून केव्हाही परत जाता येतं. नाशिकच्या एमजी रोडवर चांगल्या कंपनीचं कार्ड सहज मिळतं, तेवढा खर्च जरूर करा.